गावातल्या प्रौढांच्या दुखण्यांचं आणि उपायांचं सर्वेक्षण: नमुना पुरेल का, प्रश्न कसे विचारावेत?

शिवारवाट
बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात 18 वर्षांवरच्या माणसांचं घरोघर सर्वेक्षण करायचंय. कंबरदुखी-गुडघेदुखी, पित्त, डोकेदुखी, बीपी, शुगर यांपैकी कुणाला काय आहे आणि त्यावर लोक नेमकं काय करतात, हे हवंय. घरगुती उपाय, मेडिकलवरून आणलेली गोळी, दवाखाना, सगळंच. 30 गावं, दर गावी 20 माणसं, असे 600 फॉर्म ठरवलेत. डिसेंबरात सुरू करू म्हणतोय. नमुना पुरेल का? आणि उपायांचे प्रश्न कसे मांडावेत?

आकडेमोड
आधी महिना बदला. दसरा-दिवाळीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेली जोडपी मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. डिसेंबरात गावात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं उरतात. गुडघेदुखी आणि बीपीचं प्रमाण फुगेल, आणि ज्यांची कंबर मोळ्या उचलून जाते तेच यादीत नसतील. मे महिना बरा, पेरणीच्या आत उरकतं.

आता नमुना. प्रमाण 50 टक्के धरून चूक ±5 टक्क्यांत ठेवायची तर साध्या निवडीत (सगळ्या तालुक्यातून थेट चिठ्ठीने) 384 माणसं लागतात. पण एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात: तेच पाणी, तोच डॉक्टर, तेच मेडिकल. हे साम्य (0 ते 1 च्या मापावर) 0.05 धरलं तर गावात 20 माणसं घेतल्यावर गुणक 1 + 19 × 0.05 = 1.95 येतो, म्हणजे तेवढ्या पट माणसं लागतात. दहा टक्के माणसं भेटणार नाहीत असं धरा, म्हणजे 600 फॉर्मवर चूक ±6 च्या आसपास जाते. तेच 600 फॉर्म 60 गावांत दहा-दहा घेतले तर गुणक 1.45 होतो आणि चूक ±5 वर येते. जीपचं डिझेल वाढेल, पण आकडा विश्वासाचा होईल.

गावं लोकसंख्येच्या प्रमाणात निवडा. सगळ्या गावांच्या लोकसंख्येची चढती बेरीज मांडायची, म्हणजे प्रत्येक गावापुढे आधीच्या गावांसकट बेरीज. एकूण 1,20,000 असेल आणि 60 गावं हवी असतील तर टप्पा 2,000. 1 ते 2,000 मधला एक आकडा चिठ्ठीने काढा, समजा 1,350. मग 3,350, 5,350 असं पुढे. हे आकडे ज्या गावांच्या बेरजेत पडतील ती गावं. गावाच्या आकारासाठी 2011 ची जनगणना चालेल, घरांची यादी मात्र नव्याने करा. तांडे, मळ्यातल्या वस्त्या सुटल्या की सगळ्यात गरीब घरं सुटतात.

घरात जो भेटला त्याला विचारायचं नाही. सगळ्या प्रौढांची नावं लिहा, पुरुष मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, मग बायका, आणि आधीच ठरवलेल्या तक्त्यातून एक निवडा. तो शेतात असेल तर संध्याकाळी पुन्हा जा, निदान दोन फेऱ्या. शेजारचं घर बदली घेऊ नका.

दारोदार
उपायांबद्दल. ‘कोणतं औषध घेतलं?’ असं विचारलंत की ओवा, हिंगाचा लेप, निलगिरीची मालिश, काढा यातलं काहीच येणार नाही. लोक त्याला औषध धरत नाहीत. ‘गेल्या 15 दिवसांत काय दुखलं-खुपलं?’ विचारा, मग प्रत्येक दुखण्याला वेगळं: ‘आधी काय केलं? त्यानं उतरलं नाही तर मग काय?’ सांगतील ते लिहून झाल्यावरच यादी वाचा, नाहीतर सगळ्याला ‘हो’ येतं. पंधरा दिवसांची मुदत राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीतही होती, दवाखान्यात दाखल होण्यासाठी 365 दिवस. मुदत तीच ठेवली तर तुलना करता येते.

बीपी-शुगरला मात्र 15 दिवस उपयोगाचे नाहीत. क्रम असा: कधी मोजलंय का, डॉक्टरांनी आहे असं सांगितलंय का, सध्या गोळी चालू आहे का, काल घेतली का. ज्याचं कधी मोजलंच नाही त्याचं ‘नाही’ वेगळं नोंदवा.

दवाखान्याच्या प्रश्नाला दोन रकाने ठेवा: डॉक्टर कोणत्या पॅथीचे आणि दिलं काय. बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी असलेल्या) डॉक्टरांकडे जाऊन डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन घेतलेला माणूस ‘आयुर्वेदिक उपचार’ मध्ये मोजला गेला, तर निष्कर्षच उलटा होतो. इंजेक्शन आणि सलाईन यांना स्वतंत्र कोड द्या. अंग मोडून येतंय म्हणून सलाईन लावणारे भरपूर भेटतील.

गोळ्यांची पाकिटं बाहेर आणायला सांगा. ब्रँड नको, मागे छापलेले घटक लिहा. कागदाच्या पुडीतल्या सुट्ट्या गोळ्यांसाठी ‘नाव कळत नाही’ असा कोड हवाच, अंदाज बांधायचा नाही. दुखणं थांबवणारी गोळी रोज चालू आहे का हे बीपीच्या नोंदीशी जोडून पाहा. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या बीपी वाढवू शकतात आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात.

शिवारवाट
साठ गावं जमवतो, मे महिनाही. बीपीची मशिनं आहेत. किती वेळा मोजावं? आणि वय माहीत नसलेल्यांचं काय करायचं?

दारोदार
तीनदा. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता बसवा. हात काळजाच्या उंचीवर. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. दंडाचा घेर 32 सेंमीच्या वर असेल तर मोठा पट्टा. लहान पट्ट्याने बीपी खोटं वाढतं. मधे काही मिनिटं जाऊ द्या आणि शेवटच्या दोन नोंदींची सरासरी घ्या. 140/90 किंवा वर, अथवा गोळी चालू असेल तर रक्तदाब धरायचा. 180/110 च्या वर दिसलं तर त्याच दिवशी पीएचसीची (प्राथमिक आरोग्य केंद्राची) चिठ्ठी द्या, आणि तिथल्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

वय घटनेवरून काढा: 72 च्या दुष्काळात केवढे होता, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी लग्न झालं होतं का.

आकडेमोड
विश्लेषणात वजन, म्हणजे एक फॉर्म किती माणसांचा धरायचा ते, विसरू नका. एकट्या राहणाऱ्या आजी नक्की निवडल्या जातात, पाच प्रौढांच्या घरातल्या सुनेला पाचात एक संधी असते. म्हणून आजींच्या फॉर्मला 1 वजन, सुनेच्या फॉर्मला 5. तपासणी रोज रात्री करा: एखाद्याच्या बीपीच्या नोंदी सारख्या शून्यावर संपत असतील तर तो मशीनवरचा आकडा उतरवत नाही, अंदाजे लिहितोय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासोबत जा.