मदत हवी आहे : फ्लॅशच्या फोटोत चेहरा पांढराफटक दिसू नये, यासाठी गोऱ्या त्वचेला कोणते फाउंडेशन घ्यावे?

नमस्कार. गेल्या महिन्यात कोल्हापुरात माझा साखरपुडा झाला. आरशात मेकअप व्यवस्थित दिसत होता आणि घरच्यांनाही तो आवडला होता. परंतु फोटो हाती आले तेव्हा फ्लॅश वापरलेल्या प्रत्येक फोटोत माझा चेहरा पांढराफटक आणि गळा पिवळसर दिसला. गळ्यात आजीचा कोल्हापुरी साज होता, त्यामुळे पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. खिडकीजवळ फ्लॅशविना काढलेल्या फोटोंत मात्र हा फरक जवळजवळ जाणवत नाही.

माझी त्वचा बरीच गोरी आहे, पण तिची झाक गुलाबी नसून पिवळसर आहे. महाद्वार रोडवर आणि राजारामपुरीत मी चौकशी केली, तेव्हा बहुतेक दुकानांत सर्वांत फिकट शेड पुढे केली गेली आणि ती गुलाबीकडे झुकणारी निघाली. गोऱ्या मुलीलाही शेड निवडताना अडचण येते, हे आपल्याकडे कोणाला पटतच नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते. साखरपुड्याचे फाउंडेशन मी ट्यूबलाइटखाली हाताच्या पाठीवर लावून घेतले होते. ते जबड्याच्या कडेला लावून, दिवसाच्या उजेडात आणि पंधरा-वीस मिनिटे थांबून पाहायला हवे होते, कारण काही फाउंडेशन लावल्यानंतर थोडे गडद होतात.

त्या दिवशी चेहऱ्यावर एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचे प्रमाण) ५० चे सनस्क्रीन, त्यावर एसपीएफ असलेले फाउंडेशन आणि डोळ्यांखाली पांढरी लूज पावडर होती. सनस्क्रीनमधील टायटॅनियम डायऑक्साइड व झिंक ऑक्साइड आणि पावडरमधील बारीक सिलिका फ्लॅशचा प्रकाश परत कॅमेऱ्याकडे फेकतात, असे वाचल्यावर मी अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या फ्लॅशने फोटो काढून पाहिले. एका गालावर केवळ फाउंडेशन लावले आणि दुसऱ्यावर तेच फाउंडेशन लावून वर पावडर लावली. पावडरचा गाल स्पष्टपणे पांढरा आला. फाउंडेशनचा गालही गळ्यापेक्षा थोडा उजळच होता. मोबाइलचा फ्लॅश छायाचित्रकाराच्या फ्लॅशपेक्षा बराच कमजोर असल्याने केवळ या चाचणीवर विसंबून राहण्याची मला भीती वाटते.

माझी मुख्य अडचण अशी की, फिकट शेडमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हेच पांढरे रंगद्रव्य म्हणून वापरलेले असते, त्यामुळे एसपीएफ नसलेले फाउंडेशन घेतले तरी ते पूर्णपणे टळत नाही. अशा वेळी गळ्याशी जुळणारी, पिवळसर झाकेची आणि चेहऱ्यापेक्षा किंचित गडद शेड घेणे योग्य ठरेल का, की तेच फाउंडेशन गळ्यावर आणि कानांवरही लावावे? घाम येत असल्यामुळे पावडर अजिबात न लावणे मला जमणार नाही. मग सिलिका नसलेली, त्वचेच्या रंगाची पावडर आपल्यापैकी कोणी वापरली आहे का, आणि ती किती वेळ टिकली?

लग्न मार्गशीर्षात आहे. स्वागतसमारंभ संध्याकाळी मोकळ्या लॉनवर असल्याने फ्लॅश छताकडे वळवून प्रकाश मऊ करण्याची सोय तिथे नसेल. छायाचित्रकारांना फ्लॅशवर डिफ्यूझर (प्रकाश पसरवून मऊ करणारे आवरण) लावण्याची विनंती मी करणारच आहे, पण त्याने चेहऱ्याच्या रंगात कितपत फरक पडतो, हे फोटोग्राफी करणाऱ्या सदस्यांनी सांगावे. मेकअपची ट्रायल दोन आठवड्यांनी आहे. त्यापूर्वी फाउंडेशन घ्यायचे असल्याने, आपण स्वतः वापरलेल्या शेडचे नाव आणि तिची झाक कळवल्यास मी आभारी राहीन.