मस्कीच्या आमिषाची जोडणी: स्नॅप, कडी आणि स्विव्हल

मस्की या मोठ्या, तीक्ष्ण दातांच्या माशासाठी गळ टाकताना लीडर (मुख्य दोर आणि आमिष यांमधला मजबूत तुकडा) आणि आमिष यांच्यामध्ये स्नॅप (उघडता-मिटता येणारी अडकण) असावा की स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या कडीसारखी वेढ्यांची कडी), या प्रश्नाचे माझे उत्तर आमिषागणिक बदलते. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या तळ्यांवर मस्कीसाठी दिवसातून अनेकदा आमिष बदलावे लागते. अशा वेळी थंडीने बधिर झालेल्या बोटांनी कडीचे वेढे पक्कडीने फाकवत बसण्यापेक्षा लीडरच्या टोकाला स्नॅप असलेला बरा. मात्र तो पातळ पत्र्याचा नसावा. तारेचे टोक वळून स्वतःलाच घट्ट अडकते, असाच घ्यावा, कारण बोटीलगत आमिष पाण्यात आठच्या आकड्यासारखे फिरवताना मासा लागला, की बाहेर फारच थोडा दोर असतो आणि सगळा हिसका त्या स्नॅपवरच बसतो.

बकटेल या केसाळ आमिषाचे पाते फिरत असल्याने दोराला पीळ पडतो. तेथे लीडरच्या दोराकडील टोकाला बॉल बेअरिंगचे स्विव्हल (स्वतःभोवती फिरणारी जोडणी) लावावेच. ग्लाइड बेट या आमिषाची गोष्ट वेगळी. ते ढिल्या दोरावर डावीउजवीकडे झोके घेते आणि लवचीक लीडर पुढच्या तीन काट्यांच्या ट्रेबल हुकात गुंतू शकतो, म्हणून तेथे मी एकसंध तारेचा लीडर वापरतो. बाकी ठिकाणी 130 पौंड ताण सोसणारा फ्लुरोकार्बनचा (प्लास्टिकच्या दोराचा) लीडर मला पुरतो.

हुक आमिषाला जोडणाऱ्या कड्यांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. गेल्या शरदात माझ्या आमिषाच्या मूळच्या कडीचे वेढे एकमेकांपासून नखभर सुटलेले दिसले, तेही मासा निसटल्यावर.