मदत हवी आहे: शेजारचे वराहपालक एकत्र कसे आणायचे?

राम राम मंडळी, औसा तालुक्यात आमच्या शिवारात जवळजवळच चार वराह फार्म हायेत. आफ्रिकन स्वाइन फिव्हर (डुकरांचा जीवघेणा साथीचा रोग) 2020 ला आसामात निघाला तवापासून धाकधूक हाय, औषध नाही, आणि एकाकडं निघाला की 1 किलोमीटरातली सगळी डुकरं सरकारवाले मारतेत, म्हणजे माझं कुंपण कितीबी पक्कं असलं तरी शेजाऱ्यापायी मी बी बुडालो. म्हणून म्हणायलोय की चौघांनी मिळून ठरवू, हॉटेलचं खरकटं उकळल्याबिगर घालायचं नाही, व्यापाऱ्याचा टेम्पो गेटाबाहेरच, आणि मर झाली तर त्याच दिवशी एकमेकाला सांगायचं. बाकी पटलं, हे शेवटचं कुणी कबूलच करंना, भाव पडल म्हणतेत (खोटं बी नाही म्हणा). कुणी असं जमवलंय का? लपवालपवी कशी थांबवली?