एम.जी. टीडीच्या काउलला भोक न पाडता एअरो स्क्रीन कशा बसवाव्यात?

भाट्ये खाडी (रत्नागिरी)

नमस्कार. आमच्याकडे १९५१ सालची एम.जी. टीडी ही दोन आसनी इंग्लिश स्पोर्ट्स गाडी आहे. पाऊस पूर्ण ओसरला की ती आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्यापर्यंत अधूनमधून फिरते. या गाडीची पुढची काच पुढच्या बाजूला आडवी करता येते, हे येथील अनेकांना ठाऊक असेल. परंतु काच आडवी केली की समुद्रावरचा वारा सरळ डोळ्यांत शिरतो आणि थोडा वेग घेतला तरी समोर पाहणे अवघड होते. म्हणून मोठी काच चौकटीसह उतरवून तिच्या जागी ब्रुकलँड्स पद्धतीच्या दोन लहान एअरो स्क्रीन लावण्याचा विचार आहे. क्रोम केलेल्या पितळी चौकटीच्या, प्रत्येकी सुमारे ३० सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर उंच अशा दोन जुन्या स्क्रीन मिळाल्याही आहेत.

अडचण बसवण्याची आहे. या स्क्रीनच्या पायातले बोल्ट काउलच्या (पुढच्या काचेखालील भागाच्या) पत्र्यातून आरपार घालावेत, अशी त्यांची मूळ रचना आहे आणि मला पत्र्याला एकही नवे भोक पाडायचे नाही. टीडीचा पत्रा ॲश लाकडाच्या सांगाड्यावर चढवलेला असतो. भोकाच्या कडेला कितीही रंग लावला तरी आपल्याकडच्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरणार, आणि ओल आत उतरली की लाकूडही कुजणार. शिवाय मे महिन्याच्या अखेरीस मोठी काच पुन्हा चढवायची असते. तेव्हा उघडी भोके बुजवत बसणे परवडणारे नाही. मला क्लॅम्प, दुहेरी चिकटपट्टी आणि रबरी सक्शन कप असे पर्याय सुचवण्यात आले आहेत. यांपैकी काय टिकेल, आणि यांहून बरा मार्ग आहे का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

हर्णै बंदर

आपल्याला हवी असलेली भोके कारखान्यानेच पाडून दिलेली आहेत. मोठी काच ज्या दोन बाजूच्या ब्रॅकेटांवर उभी असते ती ब्रॅकेटे काउलच्या दोन्ही अंगांना बोल्टने आवळलेली असतात. काच उतरवल्यावर तेच बोल्ट वापरून एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडवी नळी टाकावी आणि दोन्ही स्क्रीन त्या नळीवर बसवाव्यात. भार सगळा सांगाड्यावर जातो, पत्र्याला काहीच सोसावे लागत नाही, आणि मे महिन्यात नळी काढली की मागे खूणही उरत नाही.

नळी पाऊण इंची, गोल आणि स्टेनलेसची घ्यावी. पट्टी घेऊ नये, कारण एवढ्या लांबीची पट्टी इंजिन सुरू होताच थरथरू लागते आणि तिच्यावरची काचही थरथरते. नळीला काउलच्या गोलाईप्रमाणे बाक द्यावा, मात्र ती पत्र्यापासून साधारण ६ मिलिमीटर अधांतरी राहील अशी काळजी घ्यावी. टेकली तर रंग घासला जाईल आणि तिच्याखाली मिठाचे पाणी साचून राहील. प्रत्येक स्क्रीनच्या खाली, नळीच्या किंचित मागे, निओप्रीन रबराचा एक पाय पत्र्यावर हलका टेकवावा. वारा स्क्रीनला मागे लोटतो तेव्हा नळी स्वतःभोवती फिरू पाहते, आणि ते फिरणे हा पायच थोपवतो. बहुतेक जण नळीचा विचार करतात आणि हा पाय विसरतात. मग स्क्रीन प्रत्येक खड्ड्याला मान डोलावते.

स्टेनलेस ३१६ प्रतीचे मागावे. बंदरावर ट्रॉलरचे सामान विकणाऱ्या दुकानांत ते मिळते आणि होडीचे रेलिंग करणारे कारागीर नळीला बाक देणे, वेल्डिंग, पॉलिश सगळे एका जागी करून देतात. ३०४ प्रतीच्या स्टेनलेसवर समुद्रकाठी चहाच्या डागांसारखे तांबूस ठिपके उठतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते बरेच उशिरा उठतात. ॲल्युमिनियम वजनाला हलके म्हणून मोह होतो, पण त्याला पितळ आणि स्टेनलेस चिकटून राहिले आणि वर खारी हवा लागली की खाऊन टाकले जाते ते ॲल्युमिनियमच. जिथे पितळी पाय नळीला लागतो तिथे नायलॉनचा वायसर द्यावा. स्टेनलेस नट स्टेनलेस बोल्टवर कोरडा आवळू नये, तो जागीच जाम होतो आणि मग कापण्यावाचून इलाज उरत नाही. आट्यांना आधी अँटी-सीझ ग्रीस लावावे.

बोल्टबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. त्या काळच्या इंग्लिश गाड्यांच्या बॉडीला बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) आटे असतात. अडीच सुती (५/१६ इंची) बीएसएफ बोल्टला इंचाला २२ आटे असतात आणि त्याची जाडी ८ मिलिमीटरच्या बोल्टला इतकी जवळची आहे की आजचा बोल्ट सुरुवातीला हाताने सहज आत जातो, मग घट्ट लागतो, आणि कारागिराला वाटते की गंजामुळे अडला. त्याने पाना लावला की जुना आटा गेलाच म्हणून समजावे. मूळ बोल्ट काढल्यावर आटे गेजने मोजून त्याच आट्यांचे लांब बोल्ट लेथवर करून घ्यावेत.

दापोली कॅम्प

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे; केवळ चिकटपट्टीची बाजू आकड्यांनी तपासून पाहतो. आपण दिलेल्या मापाच्या स्क्रीनचे क्षेत्रफळ ०.०४५ चौरस मीटर भरते. ताशी ८० किलोमीटर वेगाला त्यावर वाऱ्याचा रेटा ढोबळमानाने दीड किलो वजनाइतका येतो, आणि ताशी १०० किलोमीटरला अडीच किलोच्या आसपास जातो. हा भार फारसा नाही, म्हणून चांगली ॲक्रिलिक फोमची पट्टी तो सहज पेलेल असे कागदावर दिसते. परंतु रेटा स्क्रीनच्या मध्यावर, म्हणजे पायापासून बराच वर लागतो, आणि पाय अरुंद असतो. त्यामुळे पट्टीची पुढची कड सतत उचलली जाते. सरळ ओढीला दणकट असणारी पट्टी अशा सोलण्याला फार लवकर हार मानते. पट्टी रंगाला धरून ठेवते, पत्र्याला नव्हे. सत्तरहून अधिक वर्षांत काउलवर लांबी (पुटी) आणि रंगाचे किती थर चढले असतील कोण जाणे, आणि त्यांतला सर्वांत कच्चा थर जितका धरेल तितकीच ती स्क्रीन धरेल. एप्रिलच्या उन्हात गडद रंगाचा पत्रा हात टेकवता येणार नाही इतका तापतो, तेव्हा पट्टी नरमही पडते. प्रदर्शनात उभ्या गाडीवर पट्टी चालेल. सक्शन कपचा विचार मी मनातूनच काढून टाकेन.

क्लॅम्पबद्दल मात्र माझे मत इतके प्रतिकूल नाही. काउलच्या मागच्या कडेला, जिथे डॅशबोर्डची फळी येऊन मिळते तिथे, चामड्याचे अस्तर लावलेला चपटा क्लॅम्प बसतो, पण तो फळीवर वळ उठवतो आणि स्टीअरिंगच्या चाकाच्या फारच जवळ येतो. वळण घेताना बोटांची पेरे स्क्रीनच्या चौकटीला घासतील.

कागदपत्रे आधी (टोपणनाव)

दोन गोष्टी येथे अजून कोणी मांडलेल्या नाहीत. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम लागू केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी नोंदणी क्रमांकांच्या ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. चार भोकांना कोणी मोठा फेरफार म्हणणार नाही, हे खरे. तरीही तपासणीच्या वेळी गाडी जशीच्या तशी दाखवता येणे केव्हाही सोयीचे, आणि त्या दृष्टीने नळीचा मार्ग उत्तम आहे. मात्र या मालिकेतली गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते, हे गणपतीपुळ्याच्या फेऱ्या आखताना लक्षात असू द्यावे.

दुसरी गोष्ट काचेची. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० प्रमाणे पुढची काच लॅमिनेटेड सुरक्षा काच असावी लागते. जुन्या एअरो स्क्रीनमध्ये पुष्कळदा साधी काच असते आणि ती फुटली की सुऱ्यांसारखे तुकडे थेट छातीकडे येतात. चौकटीची खाच मोजून लॅमिनेटेड काच कापून घ्यावी. टफन काच तयार झाल्यानंतर कापता येत नाही, लॅमिनेटेड येते, त्यामुळे कागदी नमुना दिला तर काचवाला त्या आकारात कापून देऊ शकतो. ॲक्रिलिक बसवू नये. जांभ्याची तांबडी धूळ ओल्या फडक्याने एकदा पुसली तरी त्यावर ओरखडे उमटतात आणि संध्याकाळी समोरून येणाऱ्या दिव्यांत ते सगळे चमकू लागतात.

भाट्ये खाडी (रत्नागिरी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नळीचा मार्ग निश्चित केला आहे. केवळ दोन शंका उरल्या आहेत. वायपरची मोटर मोठ्या काचेच्या चौकटीवरच आहे, तेव्हा तिच्या वायरचे काय करावे? आणि स्क्रीनची उंची कशी ठरवावी?

हर्णै बंदर

वायर कापू नये. मोटरपाशी जोड सुटा करावा, दोन्ही टोकांना वेगवेगळी हीट-श्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी चढवावी आणि डॅशबोर्डच्या मागे बांधून ठेवावे. उघडे टोक बॉडीला लागले की फ्यूज तरी जातो, नाहीतर वायर तापते. चौकट उतरवलेल्या काळात आरसाही नळीवरच क्लॅम्प करून घ्यावा.

उंची ठरवताना आपण नेहमीच्या गादीवर, नेहमीच्या टेकून बसण्यात बसावे आणि नजर वरच्या कडेच्या थोडी वरून रस्त्यावर पडेल असे पाहावे. कड नेमकी नजरेच्या रेषेत आली तर अर्ध्या तासात डोके दुखू लागते. मागे झुकवण्याचा कोन मात्र रस्त्यावरच ठरतो: बाजूचे नट हाताने फिरतील इतकेच सैल ठेवावेत, शेजारी कोणाला तरी बसवावे, आणि वारा कपाळावरून निघून टोपीला लागू लागेपर्यंत स्क्रीन त्याच्याकडून थोडी थोडी मागे झुकवून घ्यावी. मग गाडी थांबवून नट पान्याने आवळावेत.