वडिलांच्या २०२० च्या फोनला अपडेट येत नाहीत, मदत हवी आहे

राम राम मंडळी, अमळनेरहून विचारतोय. आप्पांसाठी २०२० मध्ये घेतलेला फोन अजून ठणठणीत आहे. बॅटरी दिवसभर टिकते. कापसाचा भाव बघणं, मजुरांना यूपीआयने पैसे देणं, सगळं त्यावरच चालतं. पण तो अँड्रॉइड ११ वर अडकलाय, आणि सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी अपडेटसमोर २०२२ ची तारीख दिसते. दुकानदाराने एका वाक्यात निकाल लावला, "नवीन घ्या." (त्याचा धंदाच तो!)

गुगलने पिक्सेल ८ आणि सॅमसंगने एस२४ पासून ७ वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय, पण ते फोन आपल्या खिशाबाहेरचे. युरोपात तर जून २०२५ पासून नियमच आहे, मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षं अपडेट द्यायचे. आपल्याकडच्या १०-१२ हजारांच्या फोनला असं का नको?

तर, या फोनवर बँकेचं ॲप ठेवावं की काढून टाकावं? कस्टम रॉम (कंपनीऐवजी बाहेरच्या लोकांनी बनवलेलं अँड्रॉइड) टाकून यूपीआय नीट चालवणारं कोणी आहे का? आणि १५ हजारांच्या आत जास्त वर्षं अपडेट मिळणारा फोन कुणाच्या वापरात असेल तर सांगा.

आप्पांचं एकच पालुपद, "फोन चालू शे ना, मंग नवा कसाले?"