चीनमधून दत्तक आलेल्या मुलींची फाइल: हातात द्यावी की जपून ठेवावी?

ऋजुता (न्यू जर्सी)

सरळ मुद्द्यावर येते. चीनमधून दत्तक आलेल्या मुलीला तिची सगळी कागदपत्रं, त्यांच्याबद्दलच्या शंकांसकट, शाळेत असतानाच मिळायला हवीत. अठरा वर्षांची झाल्यावर कपाटातून काढून देणं म्हणजे फार उशीर, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९२ पासून चीनने परदेशी कुटुंबांना रीतसर मुलं दत्तक द्यायला सुरुवात केली. तीस वर्षांत दीड लाखाच्या वर मुलं बाहेर गेली, त्यांतली ८२ हजारांहून जास्त एकट्या अमेरिकेत. बहुतेक मुलीच. २००५ मध्ये तर अमेरिकेत वर्षभरात जवळपास आठ हजार मुलं आली. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने हे सगळं बंद केलं. आता तिथलं मूल परदेशात द्यायचं तर जवळचं रक्ताचं नातं लागतं, नाहीतर ते सावत्र मूल असावं लागतं. नवीन मुलं येणार नाहीत, पण आलेल्यांतल्या कितीतरी जणी आज कॉलेजात आहेत, नोकऱ्या करताहेत, आणि विचारताहेत.

त्यांना लहानपणापासून सांगितलेली गोष्ट बहुतेक घरांत एकच. एकाच मुलाचा कायदा होता, घरच्यांना मुलगा हवा होता, म्हणून तुझ्या आईने जड मनाने तुला कुणाच्या तरी नजरेला पडशील अशा जागी ठेवलं. पुष्कळजणींच्या बाबतीत हे खरं असणार. सगळ्यांच्या नाही. हुनान प्रांतात हंगयांगच्या आसपासची अनाथालयं दलालांकडून बाळं विकत घेत होती हे २००५ मध्ये उघड झालं. पुढच्या वर्षी त्या दलालांना आणि एका अनाथालयाच्या संचालकाला शिक्षाही झाली. त्याच प्रांतातल्या शाओयांगकडे कुटुंबनियोजनाच्या अधिकाऱ्यांनी जादा मुलाचा दंड भरला नाही म्हणून घरांतून मुलं उचलून नेली आणि ती 'बेवारस' म्हणून दत्तक गेली. हे २०११ मध्ये चिनी पत्रकारांनीच छापलं.

आता कागद बघा. माझ्या एका अमेरिकन मैत्रिणीच्या दोन्ही मुली चीनमधून आलेल्या. धाकटीच्या फाइलमध्ये लाल कव्हरचं दत्तकपत्र, नोटरीचे दाखले, आणि एका ओळीत तिचं सगळं पूर्वायुष्य: अमुक तारखेला पहाटे अनाथालयाच्या फाटकाशी सापडली, आईवडिलांचा पत्ता लागला नाही. त्याच सुमारास तिथून मुली आणलेल्या घरांनी आपापले कागद शेजारी ठेवले तेव्हा फाटक तेच, पहाट तीच, वाक्यही तेच. फक्त तारखा वेगळ्या.

आणखी एक कागद असतो, तो फाइलमध्ये नसतो. बाळ दत्तक देण्याआधी प्रांतातल्या वर्तमानपत्रात त्याची जाहिरात द्यावी लागे. साठ दिवसांत कुणी पुढे आलं नाही तर पुढची कारवाई. पानभर रांगेने छोटे छोटे फोटो, कपड्यांच्या थरांत गुंडाळलेली तान्ही बाळं, खाली नाव, अंदाजे जन्मतारीख, सापडल्याची जागा. लोकांनी ते जुने अंक जमवलेत, कात्रणं मागवता येतात. त्या मुलीचा यापेक्षा जुना फोटो जगात कुठेच नसेल. तो आईवडिलांनी मागवून लॉकरमध्ये ठेवलाय, मुलीने पाहिलेलाच नाही, अशी दोन घरं मला माहीत आहेत. हे मला पटत नाही.

सह्याद्रीवारा

ऋजुताताई, असहमत. मी नाशिकचा. आमची लेक 'कारा'मार्फत, म्हणजे भारत सरकारच्या दत्तक यंत्रणेमार्फत आली, आता सात वर्षांची आहे. ती दत्तक आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तेव्हा लपवाछपवीची बाजू मी घेत नाहीये.

पण माहिती आणि शंका यांत फरक करा. हुनानमध्ये जे झालं ते भयंकर होतं. म्हणून प्रत्येक मुलीला 'कदाचित तुला पळवून आणलं असेल' असं सांगायचं? तिने त्याचं करायचं काय? पुरावा नाही, चीनमध्ये कुणी तपास करणार नाही, आणि समोर जे दोघं डबा भरून देतात, तापात उशाशी बसतात, त्यांच्याकडे ती त्या दिवसापासून वेगळ्या नजरेने बघणार. बारा-तेराव्या वर्षी पायाखालची जमीन काढून घ्यायची आणि वर त्याला प्रामाणिकपणा म्हणायचं, हे मला क्रूर वाटतं.

दुसरं. १९९६ च्या सुरुवातीला ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने शांघायच्या अनाथालयातल्या बालमृत्यूंवर अहवाल काढला होता, तो वाचा. त्या काळात तिथे राहिलेल्या बाळांचं काय झालं असतं हेही मुलीला सांगायला हवं ना? अर्धीच बाजू का?

केतकी_मिनेसोटा

मी मिनियापोलिसला मुलांच्या हॉस्पिटलात काम करते. आमच्याकडे चीनमधून आलेली मुलं पुष्कळ. या चर्चेत सगळे २००५ च्या आधीच्या तान्ह्या मुलींबद्दल बोलताहेत. नंतरच्या वर्षांत चित्र पालटलं. दुभंगलेला ओठ, हृदयाला छिद्र, मणक्याचं दुखणं अशी मुलं येऊ लागली, वयाने मोठी, आणि त्यांत मुलगेही बरेच. त्यांच्या आईवडिलांनी बहुधा मुलगी नको म्हणून सोडलं नव्हतं, ऑपरेशनचा खर्च झेपणार नव्हता म्हणून सोडलं. ग्वांगजौमध्ये जानेवारी २०१४ मध्ये बाळं सुरक्षित ठेवून जाण्यासाठी सरकारी खोली उघडली, ती दोनेक महिन्यांत बंद करावी लागली, कारण तेवढ्यात २६२ बाळं आली. सगळी आजारी किंवा अपंग.

त्यामुळे फाइल द्या, जरूर द्या, यात मी ऋजुतासोबत आहे. पण सगळ्यांना एकच नवी गोष्ट चिकटवू नका. आधी सगळ्यांना 'कायद्यामुळे सोडलं' सांगितलं, आता सगळ्यांना 'विकलं' सांगणार का?

आणि २०२४ च्या बंदीचं मला आजही वाईट वाटतं. शेकडो अमेरिकन घरांना मूल नक्की झालेलं होतं, भिंतीवर फोटो लागले होते. २०२० मध्ये करोनाने प्रक्रिया थांबली आणि मग ती मुलं तिथेच राहिली. त्यांच्या उपचारांचं काय, हे बंदीचं स्वागत करणाऱ्यांनी सांगावं.

जुनाजाणता

मी स्वागत करणाऱ्यांपैकी. प्रत्येक परदेशी कुटुंबाकडून अनाथालयाला तीन हजार डॉलरची 'देणगी' सक्तीची होती. त्या काळच्या चिनी जिल्ह्यात ही रक्कम केवढी होती याचा विचार करा. बाळामागे एवढा पैसा मिळू लागला की बाळं शोधणारे तयार होतातच, हंगयांगला तेच झालं.

दुसरी बाजू कुणी मांडतच नाही. चीनमधल्याच जोडप्यांना मुलं का दिली नाहीत? १९९१ च्या कायद्यात दत्तक घेणाऱ्याला स्वतःचं मूल नसावं आणि वय ३५ च्या वर असावं अशी अट होती. मुलगी हवी असणारी घरं तिथे खेडोपाडी होती. त्यांनी घेतलेल्या मुलींची नोंद होईना, काही ठिकाणी अधिकाऱ्यांनी त्याही काढून नेल्या. १९९९ पासून अट सैल झाली, तोवर परदेशी वाट पक्की झाली होती. नेदरलँड्सने फेब्रुवारी २०२१ मध्ये परदेशी दत्तक थांबवलं ते चौकशी समितीचा अहवाल वाचून. केतकीताई, आजारी मुलांचे उपचार तिथेच व्हावेत, त्यासाठी मूल देश सोडून जायला नको.

ऋजुता

सह्याद्रीवारा, तुमच्या लेकीचं वाचून बरं वाटलं. पण 'पळवून आणलं असेल' असं सांगा, हे मी म्हटलेलंच नाही. 'हे कागद असं म्हणतात, ते कितपत खरे आहेत हे आम्हालाही कळलेलं नाही, आपण मिळून बघू' इतकंच म्हणायचं. नाहीतर सोळाव्या वर्षी ती फोनवर स्वतःच्या अनाथालयाचं नाव टाकून बघते आणि एकटीच वाचत बसते. माझ्या मैत्रिणीच्या थोरलीने तसंच वाचलं. तिचा राग चीनवर नव्हता. आईला हे ठाऊक होतं आणि आपल्याला नाही, यावर होता.

हुनानमधल्या जुळ्या बहिणींची गोष्ट बाहेर आली आहे. एकीला दोन वर्षांचीही झाली नसताना नातेवाइकाच्या घरातून उचलून नेलं, ती टेक्सासमध्ये वाढली. दुसरी गावातच राहिली. २०१९ मध्ये भेट झाली. टेक्सासच्या आईला फसवलंच गेलं होतं, तिचा काही दोष नव्हता. तरी शेवटी मुलीला गावी घेऊन जाणारीही तीच.

पुणेकर_शुभदा

मी पुण्यात एका दत्तक संस्थेत बरीच वर्षं सामाजिक कार्यकर्ती होते. नेदरलँड्स, स्वीडन, जर्मनीतून चाळिशीतले लोक आमच्या दारात यायचे. आमच्याकडे निदान रजिस्टर असतं: आईने बाळ स्वतः सोपवलं की सापडलं, कुणी आणलं, कोणत्या हॉस्पिटलातून. नियमांतही मुळांचा शोध घ्यायचा हक्क आहे, अठराच्या आत असेल तर आईवडिलांसोबत अर्ज करता येतो. आईने नाव उघड करू नका म्हटलं असेल तर तिची संमती लागते.

चीनमध्ये हीच मोठी अडचण आहे. कुटुंबनियोजनाचा नियम मोडून झालेलं मूल रीतसर सोपवायला जवळजवळ रस्ताच नव्हता, आणि टाकणं गुन्हा. त्यामुळे आई अंधारात येऊन गेली, कुठेच तिची सही नाही. म्हणून तिथे कागदापेक्षा माणसांची आठवण महत्त्वाची. अनाथालयातल्या आया, फाटकावरचा पहारेकरी, बाळ सांभाळायला घरी नेणाऱ्या बायका.

वयाचं म्हणाल तर, चाळिशीत पहिल्यांदा फाइल उघडणाऱ्यांचे हात थरथरताना मी पाहिलेत. लहानपणापासून ती ज्यांच्या घरात टेबलावर होती ते शांतपणे प्रश्न विचारायचे. फरक स्पष्ट दिसतो.

सह्याद्रीवारा

शुभदाताई, हे वाचून जाहिरातीच्या फोटोपुरतं मी मान्य करतो. तो मुलीचाच आहे, तिला लगेच द्यावा. शंका कधी सांगायच्या ते मात्र त्या त्या घराने ठरवावं. आणि अठराच्या आत जन्मदात्यांच्या शोधासाठी डीएनए चाचणी नको, यावर मी ठाम आहे. एकदा नमुना दिला की परत घेता येत नाही. पलीकडे एखादी बाई असेल जिने नवऱ्यालाही सांगितलं नसेल, तिच्या दारात पाहुणे उभे राहतील.

ऋजुता

त्या बाईची भीती खरी आहे, म्हणून मधला माणूस जाणता हवा. पण थांबायलाही वेळ कुठे आहे? १९९५ मध्ये तिशीतली असलेली आई आज साठीत आहे. बाळ नेमकं कुठे ठेवलं हे पुष्कळदा आजीलाच माहीत असतं, आणि त्या आज्या जाताहेत.

मैत्रिणीच्या धाकटीने स्वतः मागे लागून सोळाव्या वर्षी नमुना दिला. अमेरिकेतल्या डेटाबेसमध्ये चिनी आईवडील क्वचितच सापडतात, त्यामुळे अजून काही जुळलेलं नाही. हरवलेल्या मुलांसाठी चिनी पोलिसांचा २००९ पासूनचा वेगळा डीएनए डेटाबेस आहे, तिथे नमुना द्यावा का यावर त्या घरात सध्या वाद चालू आहे. कुणी तसा दिला असेल, किंवा गावात जाऊन विचारपूस केली असेल, तर अनुभव जरूर लिहा. मी तिला भाषांतर करून पाठवीन.