उंटअळी, इंचअळी की वीतअळी?

विचारणा : बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पावसाळी निसर्गफेरीसाठी आम्ही मराठी माहितीपत्रक तयार करीत आहोत. पाठीची कमान करून चालणाऱ्या ज्या अळीला इंग्रजीत ‘इंचवर्म’ म्हणतात, तिला मराठीत काय म्हणावे? एका सहकाऱ्याने ‘इंचअळी’ सुचविले आहे. ते स्वीकारावे का?

उत्तर : स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या नावातील इंच म्हणजे अळीची लांबी नव्हे. ती तिच्या चालीची खूण आहे. फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या बहुतेक अळ्यांना पुढच्या बाजूच्या खऱ्या पायांच्या तीन जोड्यांखेरीज पोटाखाली मांसल पायांच्या पाच जोड्या असतात; या अळ्यांना मात्र सहसा दोनच, त्याही मागच्या टोकाकडे, त्यामुळे मधल्या भागाला काही आधारच उरत नाही. अळी पुढच्या पायांनी फांदी धरते, मागचे पाय त्यांच्या अगदी लगत आणते, त्या वेळी मधले अंग कमानीसारखे उचलले जाते, आणि मग मागची पकड घट्ट ठेवून ती पुढे लांब होते. पाहणाऱ्याला ती फांदी मोजत निघाली आहे, असे वाटते. फ्रेंचमधील तिच्या नावाचा अर्थ जमीन मोजणारी असा आहे, तर जपानी ‘शाकुतोरिमुशी’ म्हणजे ‘शाकु’ या सुमारे ३० सेंटिमीटरच्या मापाने मोजणारा किडा. (अंगावर ही अळी चढली तर ती नव्या कपड्यांचे माप घेते, असा एक गमतीदार समज अमेरिकेत आहे.)

सजीवांच्या वर्गीकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनीयस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ मध्ये या पतंगांसाठी ‘जिओमेट्रा’ हे नाव वापरले, त्यावरूनच आजचे ‘जिओमेट्रिडी’ हे कुलनाम आले. ग्रीकमध्ये ‘गे’ म्हणजे भूमी आणि ‘मेट्रॉन’ म्हणजे माप. आपल्या ‘भूमिती’ या शब्दाची घडणही नेमकी तीच आहे. म्हणून कुळाचा उल्लेख करायचा असेल तेथे ‘भूमापक पतंग’ हे नाव अर्थाला धरून होईल. ‘वर्म’चे भाषांतर ‘कृमी’ असे मात्र करू नये, कारण ही पतंगाची अळी आहे.

दुसरे मत : परक्या मापाला विरोध असेल, तर ‘वीतअळी’ का नको? वितीने मोजताना अंगठा टेकवून करंगळी पुढे ताणतो आणि मग अंगठा करंगळीपाशी आणतो. अळीची चाल हुबेहूब तशीच असते. इंग्रजीतही ‘स्पॅनवर्म’ हे नाव आहेच.

उत्तर : शब्द सुरेख आहे, परंतु मराठीत ‘उंटअळी’ हा शब्द अगोदरपासून रूढ असताना नवा घडविण्याचे कारण दिसत नाही. सोयाबीनवरील हिरवी उंटअळी मराठवाड्यातील आणि विदर्भातील शेतकऱ्यांना चांगलीच ठाऊक आहे. इंग्रजीचे लक्ष मोजण्याकडे गेले, आपले कुबडाकडे, आणि पाहताक्षणी ओळख पटविण्याच्या दृष्टीने मला आपलेच नाव सरस वाटते. अडचण एवढीच, की सोयाबीनवरील ती अळी जिओमेट्रिडी कुळातील नाही. तिला मांसल पायांच्या तीन जोड्या असतात, म्हणून तिची कमान थोडी बुटकी असते आणि इंग्रजीत तिला ‘सेमीलूपर’, म्हणजे अर्धी कमान करणारी, असे म्हणतात. मराठी नाव हा भेद करीत नाही. मुंबईत वाढलेल्या मुलांचा यामुळे गोंधळ होणार नाही, पण त्यांच्यासोबत येणाऱ्या एखाद्या आजोबांनी शेती केलेली असेल, तर ते ‘ही तर पिकावरची कीड’ असे म्हणणारच. तेव्हा शीर्षकात ‘उंटअळी’ ठेवावे, पहिल्याच वाक्यात ‘भूमापक कुळातील’ असे जोडावे आणि चित्रात मागच्या पायांच्या दोन जोड्या स्पष्ट दिसतील, याची काळजी घ्यावी.